जुनी लहान मोटार : घ्यावी कीं न घ्यावी ?

बैलबाजारांत बैल घेण्यास निघालेला जाणता शेतकरी जनावराच्या रंगावर किंवा शिंगांना लावलेल्या बेगडावर भाळत नाहीं. तो आधीं जबडा उघडून दांत पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, चार पावलें चालवितो, खांद्यावर जुवाचा घट्टा कसा पडला आहे तें निरखतो, आणि एवढें झाल्यावर मग रुमालाखालीं दलालाच्या हाताला हात लावून बोटांनीं किंमत बोलतो. शहरांतला सुशिक्षित गृहस्थ जुनी मोटार घेण्यास निघाला म्हणजे पुष्कळदां याच्या उलट क्रमानें वागतो. तो प्रथम किंमत ऐकतो, मग रंग पाहतो, मग मुलाबाळांसह आंत बसून एक फेरी मारतो; आणि दांत पाहण्याची आठवण होते तेव्हां पैसे देऊन झालेले असतात.

वास्तविक जुन्या मोटारीची परीक्षा हें केवळ कारागिरांचें गुपित नव्हे. यंत्रशास्त्र न शिकलेल्या माणसालाहि डोळे, कान, नाक आणि थोडा धीर यांच्या बळावर पुष्कळ समजून घेतां येतें. उरलेलें अनुभवी मिस्त्रीस त्याचा मेहनताना देऊन विचारतां येतें. अवघड असतो तो निराळाच भाग : जी वस्तु मनांत भरली, तिच्याविरुद्धचा पुरावा आपण होऊन गोळा करणें.

भारतांतील मध्यम वर्गाच्या दारांत मोटार आली ती मुख्यतः लहान मोटारीच्या रूपानें. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या मारुति ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातीं पडली. तीन नळकांड्यांच्या, ७९६ घनसेंटिमीटर मापाच्या एंजिनावर एका पिढीनें मोटार चालविण्याचे धडे घेतले, आणि त्याच मापाचें एंजिन २००० सालीं आलेल्या आल्टोंतहि राहिलें. १९९८ सालीं सॅन्ट्रो आली, १९९९ च्या अखेरीस वॅगन-आर आली. मारुति ८०० चें उत्पादन २०१४ च्या जानेवारींत थांबलें, तरी या जातीच्या मोटारींचे सुटे भाग ठिकठिकाणीं मिळतात व त्यांची नाडी ओळखणारा मिस्त्री तालुक्याच्या गांवींहि सांपडतो. जुनी मोटार निवडतांना हा पहिला गुण मानावा. जनरल मोटर्सनें २०१७ च्या अखेरीस भारतांतील विक्री थांबविली, फोर्डनें २०२१ सालीं येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. त्यांच्या मोटारी वाईट होत्या असें नव्हे. परंतु अशी मोटार स्वस्त मिळाली म्हणजे ती स्वस्त कां मिळते, आणि तिचा एखादा भाग मोडला तर तो कोठून व किती दिवसांनीं येईल, याची चौकशी सौद्यापूर्वीं करावी.

आतां असें एक कुटुंब कल्पावें. पुण्यांत राहणारें, पति शिक्षक, पत्नी एका पेढीवर नोकरीस, दोन मुलें, आणि घरांत वृद्ध आई. आईस आठवड्यांतून दोनदां डायलिसिससाठीं बारा किलोमीटरवरील रुग्णालयांत न्यावें लागतें. परत येतांना ती थकलेली असते, पावसाळ्यांत रिक्षा वेळेवर मिळत नाहीं. घराची शिल्लक दोन लाख रुपये. कोणीतरी सांगतें कीं, ओळखीच्या एका गृहस्थाची २०१२ सालची लहान मोटार आहे, एक लाख साठ हजारांत देतील. ही दोन लाखांची शिल्लक त्या घराची ढाल आहे. ती मोटारींत घालावयाची तर मोटारीनें ढालीचेंच काम केलें पाहिजे. रस्त्यांत बंद पडून तिनें नवी आपत्ति उभी करतां कामा नये.

अशा कुटुंबानें पहिला हिशेब कागदावर मांडावा. रुग्णालयाच्या वर्षाला १०४ फेऱ्या होतात. जाऊन-येऊन रिक्षेचे ४०० रुपये धरले तर वर्षाचा खर्च ४१,६०० रुपये. मोटार पांच वर्षें वापरून ६०,००० रुपयांस विकली असें धरलें तर किंमतींतील घट वर्षाला २०,००० रुपये. विमा ६,०००, दुरुस्ती, टायर व सरकारी फी मिळून १८,०००. वर्षाला ५,००० किलोमीटर धांव आणि लिटरला १५ किलोमीटर असें मानलें तर सुमारें ३३३ लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला १०५ रुपयांप्रमाणें सुमारें ३५,००० रुपये. एकूण ७९,०००. यांतील निम्मी धांव रुग्णालयाबाहेरची आहे हें खरें. तरीहि मोटारीनें पैसे वांचतात हा समज या आंकड्यांपुढें टिकत नाहीं. मोटार ही काटकसर नव्हे, ती विकत घेतलेली सोय आहे. मध्यरात्रीं आईचा श्वास कोंडला तर दाराशीं वाहन उभें असणें, या गोष्टीचें मोल त्या घरानें स्वतः ठरवावें. तें मोल पटत असेल तरच पुढची पायरी चढावी.

ती पायरी मोटारीची नव्हे, कागदांची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें टिकते. त्यानंतर तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. म्हणजे २०१२ सालीं नोंदलेल्या मोटारीची मुदत २०२७ सालीं संपते. या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली, आणि वीस वर्षांपलीकडील मोटारीसाठीं २०२५ च्या ऑगस्टमध्यें ती १०,००० रुपये करण्यांत आली. महाराष्ट्रांत पंधरा वर्षांवरील मोटारीस पर्यावरण कर निराळा द्यावा लागतो. मुदत संपण्यास वर्ष-दीड वर्ष उरलेली मोटार म्हणूनच कमी किंमतींत पुढें येते. ती सवलत नसून खर्च गिऱ्हाइकाच्या गळ्यांत घालण्याची युक्ति असूं शकते.

नोंदणीपत्रावरील सांगाड्याचा व एंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवर कोरलेल्या क्रमांकाशीं अक्षरशः ताडून पाहावा. मालक कितवा आहे तें वाचावें. मोटार कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचें ना-हरकत पत्र व पस्तीस क्रमांकाचा फॉर्म हातीं आल्याशिवाय पैसे देऊं नयेत. कर्ज फिटलें असें तोंडीं सांगणें पुरेसें नाहीं. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून विमा, प्रदूषण-प्रमाणपत्र व थकलेल्या दंडाच्या पावत्या पाहतां येतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीं नोंदलेल्या मोटारीस नवी उच्च-सुरक्षा क्रमांकपाटी बसविली आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. मोटार परराज्यांतून आलेली असेल तर तेथील नोंदणी-कार्यालयाचें ना-हरकत पत्र लागतें, आणि महाराष्ट्रांत नव्यानें कर भरावा लागतो. तो भरल्यावर दिल्लीहून आणलेली स्वस्त मोटार बहुधा स्वस्त राहत नाहीं.

कागद निर्दोष निघाले म्हणजे मोटारीकडे वळावें, आणि तीहि सकाळीं, कोरड्या उजेडांत. पावसांत भिजलेली मोटार अंगावरील व्रण लपविते. संध्याकाळच्या दिव्याखालीं सर्वच रंग सारखे दिसतात. एका रेषेंत डोळा लावून मोटारीच्या कुशीकडे पाहावें. पत्र्यावर प्रतिबिंब जेथें वांकडें होतें तेथें ठोकपीट झाली आहे असें समजावें. दारें व बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत काय तें पाहावें. रुमालांत गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावा. तो जेथें चिकटत नाहीं तेथें रंगाखालीं लांबी भरलेली असते. मात्र बंपर प्लॅस्टिकचे असल्यानें तेथें तो चिकटणार नाहीं, यावरून घाबरूं नये. दाराखालच्या पट्ट्या, चाकांवरील कमानी, बॅटरीची बैठक व मागील डिकींतील जादा चाकाचा खड्डा ही गंजाचीं आवडतीं ठिकाणें. मुंबई व कोंकणकिनारा येथील खारी हवा मोटारीस आंतून खाते. वरवरचा गंज खरवडून रंगवितां येतो; परंतु ज्या भागांवर मोटारीची बळकटी अवलंबून असते तो सांगाडाच बोटानें दाबल्यावर खचत असेल, तर किंमत न बोलतां परत फिरावें.

पुराचें पाणी हा याहूनहि लबाड शत्रु. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; २०१९ च्या ऑगस्टमध्यें कोल्हापूर-सांगलीस महापूर आला. अशा प्रसंगीं बुडालेल्या मोटारी धुऊन पुसून दूरच्या बाजारांत येऊं शकतात. त्यांच्या तारांच्या जोडांत शिरलेलें पाणी लगेच बोलत नाहीं, कांहीं महिन्यांनीं बोलतें. यासाठीं बैठकीखालील गालिचा उचलून वास घ्यावा, बैठकीच्या लोखंडी रुळांत वाळलेला गाळ आहे काय तें पाहावें, आणि सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढावा. गुंडाळलेल्या टोंकाजवळ मळकट पाण्याची रेघ उमटली असेल तर ती दहा साक्षीदारांच्या तोडीची आहे.

एंजिन नेहमीं थंड असतांना सुरू करावें. विकणारानें पाहुणे येण्यापूर्वींच तें तापवून ठेवलें असेल तर हात लावून तें कळतें. अशा वेळीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां यावें. थंड एंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नांत चालू व्हावें आणि चाल स्थिर असावी. मागील नळींतून निघणाऱ्या धुराचा रंग ओळखावा. निळसर धूर म्हणजे एंजिन तेल खात आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल पुरतें जळत नाहीं. सकाळच्या गारव्यांत थोडी वाफ दिसणें स्वाभाविक आहे. पण एंजिन तापल्यावरहि दाट पांढरा धूर निघत राहिला तर थंड करणारें पाणी नळकांड्यांत शिरत असावें. तेलाच्या झांकणाखालीं ताकासारखा पांढुरका साका दिसला तर तोच संशय बळावतो. तसल्या दुरुस्तीस एंजिन उघडावें लागतें, आणि उघडलेल्या एंजिनाचा खर्च आधीं सांगतां येत नाहीं. मारुति ८०० व जुन्या आल्टो यांच्या एंजिनांत झडपांची चाल राखणारा रबरी पट्टा असतो. तो ठरलेल्या धांवेनंतर बदलावाच लागतो. शेवटचा केव्हां बदलला याची पावती नसेल तर तो बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा करावा. नंतरच्या के-मालिकेच्या एंजिनांत त्या जागीं साखळी आली.

धांवेचा आंकडा हा मोटारीनें स्वतः दिलेला जबाब असला तरी तो बदलतां येतो. महिन्यास ८०० किलोमीटर असा बेताचा वापर धरला तरी बारा वर्षांत १,१५,२०० किलोमीटर होतात. एवढ्या वयाची मोटार ४०,००० दाखवीत असेल तर पायाखालील पेडलांचें रबर, सुकाणूवरील गुळगुळीतपणा व चालकाच्या बैठकीची खचलेली कड पाहावी. तीं खोटें बोलत नाहींत. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांवर तारखेसह आंकडे लिहिलेले असतात. त्या ओळीनें लावल्या म्हणजे सत्य बाहेर पडतें. टायरच्या कडेवर चार अंक असतात : २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत घडलेला टायर. नक्षी खोल दिसली तरी जुन्या टायरचें रबर ताठतें. चारहि टायर बदलावे लागणार असतील तर तो खर्च सौद्यांतच धरावा.

यानंतर मोटार चालवावी, तीहि नुसत्या गल्लींतून नव्हे. एखादा चढ, एखादा खडबडीत रस्ता व थोडा मोकळा मार्ग असा अर्ध्या तासाचा फेरा असावा. गाण्याचें यंत्र बंद ठेवावें, आणि विकणाराचें बोलणेंहि शक्य तर थांबवावें. सपाट जागीं हातब्रेक ओढून तिसऱ्या गियरमध्यें क्लच हळूहळू सोडला असतां एंजिन बंद पडलें पाहिजे. तें तसेंच घरघरत राहिलें तर क्लच झिजला आहे. ही परीक्षा एकदांच करावी. मोकळ्या रस्त्यावर सुकाणू क्षणभर सैल धरलें असतां मोटार एका बाजूस ओढते काय, जोरानें ब्रेक लावल्यावर सरळ थांबते काय, खड्ड्यांतून जातांना खालून खटखट येते काय, हें ध्यानांत घ्यावें. परत आल्यावर एंजिन दहा मिनिटें चालू ठेवावें, थंड हवेचें यंत्र लावावें, उष्णतेचा कांटा मध्यावर थांबतो कीं चढत जातो तें पाहावें, आणि मोटार हलवून जमिनीवर तेलाचा थेंब पडला आहे काय तें शोधावें.

मोटारींत गॅसची टाकी बसविलेली असेल तर तिची नोंद नोंदणीपत्रावर हवी, आणि टाकीची दाबचांचणी दर तीन वर्षांनीं झाल्याचें प्रमाणपत्र हवें. शिवाय अलीकडे पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळलें जातें. जुन्या मोटारी त्यासाठीं घडविलेल्या नव्हत्या. त्यांची मजल थोडी घटते, आणि कांहींच्या रबरी नळ्या व गॅस्किटें वेळेआधीं बदलावीं लागूं शकतात. मिस्त्रीकडून त्या नळ्या आवर्जून पाहून घ्याव्या.

आतां एक अप्रिय गोष्ट. २०१४ च्या जानेवारींत ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांतील पांच लहान मोटारींच्या टकरीच्या चांचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. हवेच्या पिशव्या नसलेल्या त्या पांचहि मोटारींस प्रौढ प्रवाशांच्या रक्षणाबाबत एकहि तारा मिळाला नाहीं. चालकापुढील पिशवी सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या बैठकीपुढील २०२२ च्या आरंभापासून. त्यापूर्वींच्या लहान मोटारीच्या साध्या नमुन्यांत त्या बहुधा नसतातच. ज्या घराची मोटार मुख्यतः शहरांत मंद गतीनें चालणार, त्या घरास ही उणीव जाणूनबुजून पत्करतां येईल. पण मुलांना घेऊन द्रुतगति-मार्गावरून वरचेवर जाणाऱ्या कुटुंबानें दहा-वीस हजार जास्त पडले तरी पिशव्या असलेला नमुनाच शोधावा. मागें बसणारांसह सर्वांनीं पट्टे बांधणें हें दोन्ही पक्षीं सारखेंच आवश्यक.

इतकें पाहून झाल्यावर किंमत बोलावी. हातांतील रकमेपैकीं एकचतुर्थांश भाग बाजूस ठेवून उरलेल्या पैशांत बसेल अशीच मोटार पाहावी. कारण तेल, बॅटरी, टायर, ब्रेक यांपैकीं कांहींतरी पहिल्या सहा महिन्यांत निघतेंच. मिस्त्रीनें लिहून दिलेली दोषांची यादी पुढें ठेवून बोलणें हा घासाघीशीचा सभ्य मार्ग आहे. आज रात्रींच दुसरें गिऱ्हाईक येणार आहे असें विकणारा म्हणाला, तर त्या गिऱ्हाइकास सुयश चिंतून उठावें.

व्यवहार ठरला तरी काम संपत नाहीं. एकोणतीस व तीस क्रमांकाचे फॉर्म भरून नोंदणी नव्या नांवावर करून घ्यावी. कायद्याप्रमाणें त्याच राज्यांत विकणारानें चौदा दिवसांत कळवावयाचें असतें, व घेणारानें तीस दिवसांत अर्ज करावयाचा असतो. विमाहि चौदा दिवसांत नांवावर करून घेण्यासाठीं अर्ज द्यावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत मोटारीची नसते, माणसाची असते. ती जुन्या मालकाबरोबर जाते. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या फेब्रुवारींत असा निर्णय दिला आहे कीं, मोटार हातोहात विकली गेली असली तरी नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक. म्हणून विकणारानेंहि ही गोष्ट मित्रत्वावर सोडूं नये. आणि पुढें घेणाराचें नांवच नोंदणींत नसेल तर त्यालाहि मोटार विकतांना किंवा विम्याचा दावा करतांना दारोदार हिंडावें लागतें.

वर कल्पिलेल्या कुटुंबानें हा मार्ग धरला तर काय होईल ? ओळखीच्या गृहस्थाच्या मोटारींत बैठकीच्या रुळांत गाळ दिसला, आणि ओळखीमुळें तें बोलून दाखविणें जड गेलें, तरी त्यांनीं नम्रपणें नकार द्यावा. दुसरी मोटार पाहावी, तिसरी पाहावी. तोंपर्यंत आईसाठीं त्याच एका रिक्षावाल्याशीं आठवड्याच्या दोन दिवसांचें बोलणें पक्कें करून ठेवावें. म्हणजे घाई ही अडचण उरत नाहीं, आणि घाई नसलेल्या गिऱ्हाइकास फसविणें कठीण जातें. पावत्या जपणाऱ्या, दोष आपण होऊन सांगणाऱ्या मालकाची मोटार दीड लाखांच्या आंत मिळाली, तर पन्नास हजारांची शिल्लक घरांत राहील, आणि आई थकून बाहेर येईल तेव्हां दाराशीं वाहन उभें असेल. तशी मोटार मिळाली नाहीं, तर दोन लाख रुपये व रिक्षा ही स्थितीहि वाईट नाहीं. न घेतलेल्या मोटारीचा पश्चात्ताप दोन दिवस टिकतो. वाईट घेतलेली मोटार तो दर महिन्यास नव्यानें करावयास लावते.